पूर-चौकीतला कागद

पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी नदी खात्याची इंजिनिअर शैलेश्नी पुलाजवळच्या पूर-चौकीत शिरली, तेव्हा आत घोटाभर चिखल होता. चौकी म्हणजे सिमेंटची एवढीशी खोली, वर पत्रा, आणि भिंतीवर छातीच्या उंचीला ठोकलेल्या फळीवर एक जुना कॉम्प्युटर. पाणी त्या फळीच्या चार बोटं खाली येऊन थांबलं होतं. माणसं गेली आणि पेटी तेवढी वाचली.

तिनं बटण दाबलं. पेटी घरघरली, पडदा उजळला. आता नदीचा हिरवा दिवा लागायला हवा होता. दोन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली, तरी दिव्याचा पत्ता नाही. मग तिनं टॉर्च घेऊन पेटीच्या मागे वाकून पाहिलं. लाल पट्टीची वायर निळ्या खाचेत होती, निळी लाल खाचेत.

तिनं दोन्ही वायरी उपसून आपापल्या जागी लावल्या. मिनिटाच्या आत दिवा लागला. डोंगरातल्या तीन ठिकाणचे नदीचे आकडे पडद्यावर सरसर उतरले. यंत्र ठणठणीत होतं. शैलेश्नी होती तिथेच चिखलात बसली.

"अरे देवा," ती म्हणाली, "मोमो, तुम्ही लिहिल्याप्रमाणेच केलंत की हो."

मोमो म्हणजे बेटावरच्या मूळच्या लोकांच्या भाषेत मामा. चौकीच्या राखणदाराला, मेसाकेला, तीच काय, वाइलोमा गावातली निम्मी हिंदुस्तानी पोरं मोमोच म्हणायची. साखर कारखान्याच्या उसाच्या आगगाडीवर तीस वर्षं ड्रायव्हर होता, निवृत्त झाला आणि पूर-चौकी राखायला लागला. सहा फूट उंच, एका कानानं कमी ऐकणारा, बोलायला लागला की थांबवायची सोय नाही. चौकीत पाऊल टाकताना तो दोन्ही तळव्यांची ओंजळ करून तीनदा वाजवायचा, यांगोनाच्या, म्हणजे गुंगी आणणाऱ्या मुळ्यांच्या पेयाच्या, बैठकीत वडीलधाऱ्यांपुढे वाजवतात तशी. शैलेश्नीनं एकदा विचारलं होतं, "मोमो, इथे कोण मोठा सरदार बसलाय?"

"ही पेटी. ही बोलली तर गाव वाचतं. मान द्यायला काय पैसे पडतात, पोरी?"

त्या पेटीची एक खोड होती. तिच्यात दोन नेटवर्क कार्डं होती. एकातून डोंगरावरच्या रेडिओचे आकडे आत यायचे, दुसऱ्यातून पुलावरच्या भोंग्याला हुकूम जायचा. पेटी सुरू होताना जे कार्ड आधी डोळे उघडेल त्याचं नाव शून्य, मागून उठेल त्याचं एक. सगळी मांडणी या नावांवर होती, म्हणजे शून्याकडून नदी ऐकायची आणि एककडे भोंग्याचा हुकूम द्यायचा. आणि वाइलोमात वीज कधी जाईल, कधी येईल, याचा नेम नाही. दरवेळी पेटी नव्यानं उठायची आणि कधी हे कार्ड शून्य व्हायचं, कधी ते. मग पेटी भोंग्याच्या वायरीला कान लावून नदीची वाट बघत बसायची.

मेसाकेला हे समजावताना शैलेश्नीला घाम फुटला होता. त्याला मात्र लगेच कळलं. "म्हणजे माझ्या सासूसारखं. दुपारी झोपून उठली की मला धाकट्या जावयाच्या नावानं हाका मारायची आणि त्याला माझ्या. आम्ही काय करायचो ठाऊक आहे? गुपचूप जागा बदलून बसायचो."

"अगदी तेच करायचं, मोमो. वायरींच्या जागा बदलायच्या."

आणि तिनं कागद लिहून दिला होता. सात वर्षांपूर्वी, स्वतःच्या हातानं, ठळक अक्षरांत. तो प्लास्टिकमध्ये घालून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. आत्ताही होता तो तिथे, खालचा कोपरा चिखलानं माखलेला.

एक : वीज आल्यावर दोन मिनिटं थांबा.

दोन : हिरवा दिवा लागला नाही तर लाल आणि निळ्या वायरीची अदलाबदल करा. एकदाच.

तीन : तरीही नाही लागला तर पुन्हा हात लावू नका. मला फोन करा. – शैलेश्नी.

आता खरं सांगायचं तर ही मलमपट्टी होती. खरा उपाय वीस मिनिटांचा होता. प्रत्येक कार्डावर त्याचा स्वतःचा जन्मजात नंबर कोरलेला असतो. एका फाइलीत लिहून ठेवायचं की या नंबरचं कार्ड म्हणजे कायम 'नदी' आणि त्या नंबरचं म्हणजे कायम 'भोंगा'. मग कुणी आधी उठो, कुणी मागून, नाव हलत नाही. हे शैलेश्नीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण म्हाताऱ्याचं व्यवस्थित चाललंय, चालू दे, पुढच्या खेपेला करू, असं करत करत वीस मिनिटांचं काम तिनं सात वर्षं लांबणीवर टाकलं. आपण सगळे करतो तसंच.

शेवटी केलं ते पुराच्या आधीच्या बुधवारी. वादळांचे दिवस तोंडावर होते आणि आदल्या रविवारी मेसाके चर्चमध्ये असताना वीज जाऊन आली होती, तेव्हा नदी अर्धा दिवस मुकी राहिली होती. तिनं दोन्ही कार्डांचे नंबर उतरवून घेतले, फाइल लिहिली, पेटी दहा वेळा बंद करून चालू केली. दहाही वेळा नावं जागच्या जागी. फार बरं वाटलं तिला. इतकं बरं वाटलं की ती एकटीच हसली.

मेसाके त्या दिवशी नव्हता. बायकोच्या माहेरी मयत झाली म्हणून वरच्या गावाला गेला होता. शैलेश्नीनं निघताना दारावरच्या कागदाला हात घातला. नखानं एक कोपरा उचकटला सुद्धा. आणि तिचा हात थांबला.

सात वर्षं तो माणूस लोकांना सांगत होता, "माझ्यावाचून नदीला वाचा नाही." पावसात, तापात, मुलीच्या लग्नाच्या दिवशीही तो येऊन वायरी बदलून गेला होता. त्याच्या माघारी त्याचा कागद काढून न्यायचा? आल्यावर त्यानं रिकामं दार बघायचं? तोंडावर सांगू, चहा पाजून, नीट समजावून. सोमवारी सांगू. तिनं कोपरा पुन्हा दाबून चिकटवला.

फोनवर सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

आणि सोमवारच्या आधी रविवार आला.

चिखलातून उठून शैलेश्नीनं आता पेटीची रोजनिशी उघडली. यंत्र स्वतःचं सगळं लिहून ठेवतं, कोणती वायर कधी निघाली आणि कधी लागली, तेसुद्धा. रविवारी दुपारी दोन एकतीसला वीज गेली. दोन चाळीसला आली. नावं बरोबर लागली, 'नदी' आणि 'भोंगा'. पण तीन दिवसांच्या ढगांनी डोंगरावरच्या रेडिओची बॅटरी खचली होती, त्यामुळे तोही मध्येच मान टाकून पुन्हा उठत होता आणि नदीकडून अजून काही येत नव्हतं. म्हणून दिवा लागला नाही. त्यात पेटीचा काही दोष नव्हता, वायरींचाही नव्हता.

दोन त्रेचाळीसला दोन्ही वायरी निघाल्या. दोन चव्वेचाळीसला लागल्या, उलट्या.

दोन पंचेचाळीसला डोंगरावरचा रेडिओ बोलायला लागला. ऐकायला कुणी नव्हतं.

एक मिनिट. मोमो एक मिनिट जास्त थांबला असता तर! पण कागद म्हणत होता दोन, आणि तो तर तीन मिनिटं थांबला होता. वायरी पुन्हा परत फिरवल्या असत्या तरी भागलं असतं. पण कागद म्हणत होता एकदाच. आता राहिली तिसरी ओळ.

तिसरी ओळ आठवली आणि शैलेश्नीनं तोंडावर हात दाबला. दोन एकोणपन्नासला तिचा फोन वाजला होता. ती स्वयंपाकघरात रोट्या लाटत होती. पडद्यावर 'मोमो' असं नाव. तिला वाटलं, म्हातारा गावाहून आला, चौकीत काहीतरी बदललंय हे त्यानं ओळखलं, आता विचारणार, आता रुसणार. पिठाचे हात, तव्यावर रोटी, आणि रविवारी कोण ही कटकट घेतं. तिनं फोन वाजू दिला. तीन वाजून पाच मिनिटांनी पुन्हा वाजला. तेव्हाही वाजू दिला. साडेतीनच्या आत मोबाइलचा मनोराच बंद पडला आणि मग कुणालाच कुणाचा फोन लागेना.

नदीच्या आकड्यांप्रमाणे भोंगा सव्वातीनला आपोआप वाजायला हवा होता. हातानं दाबायचं बटण होतं चौकीत, पण त्याचा हुकूमही पेटीतूनच त्याच वायरीनं जायचा. मेसाके दोन तास चौकीत बसून राहिला. पुलाखालचं पाणी फुगलेलं स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं तेव्हा साडेचार झाले होते. मग तो धावला, खाली उसाच्या गाडीच्या रुळांपलीकडे, घरांच्या खालच्या लाईनीत. चौदा घरांची दारं त्यानं बडवली आणि चौदा घरं बाहेर काढली. पंधराव्यात बिसेसर मास्तर आणि त्यांची अंथरुणाला खिळलेली बायको. सकाळी मास्तर उसात सापडले. मेसाके आणि ती म्हातारी रुळांना अडकलेले एकत्र सापडले. त्यानं तिला स्वतःच्या कमरेच्या सुलूनं, लुंगीसारख्या त्या वस्त्रानं, पाठीशी बांधलं होतं.

आणि गाव काय म्हणत होतं? गाव म्हणत होतं, म्हातारा यांगोनाचा ग्रोग ढोसून चौकीत झोपला. मयतीहून आलेला, चार दिवस तिकडे पीतच बसला असणार. बिसेसर मास्तरांचा मुलगा चितेपाशी सगळ्यांदेखत ओरडला होता, "त्यानं वेळेवर भोंगा वाजवला असता तर माझ्या आईला पाठीवर बांधायची पाळी आली नसती!" खालच्या लाईनीतलं एकही माणूस मेसाकेच्या मातीला गेलं नाही. ज्यांची दारं त्यानं बडवली, तेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलेश्नी नायकर साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. नदी खात्याचं वाइलोमातलं सगळं त्यांच्या हाताखाली. बिचारे चार रात्री झोपले नव्हते, डोळे तांबारलेले. तिनं सगळं सांगितलं. फाइल, कागद, रोजनिशी. फोनचं तेवढं सोडून सगळं.

नायकरांनी ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला. "वायरी उलट्या होत्या?"

"हो."

"त्या कुणी लावल्या?"

"मोमोनं. पण साहेब..."

"मग उद्या गावच्या हॉलमध्ये पुराच्या चौकशीला तेवढंच सांगायचं. यात खोटं काय आहे?"

"सगळं खरं आहे साहेब, म्हणूनच तर! तो मेलाय, त्याला उलटून बोलता येत नाही, म्हणून खापर त्याच्या डोक्यावर फोडायचं?"

"शैला, ओरडू नकोस. बाहेर लोक आहेत." नायकर पुढे वाकले. "तुझी फाइल चुकीची होती का? नव्हती. दुसऱ्या कुठल्याही इंजिनिअरला विचार, म्हणेल बाईनं उत्तम काम केलं. मग कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस? तुझा मुलगा सुवाला शिकतो ना?"

"शिकतो."

"मग? तो कागद काढून टाक दारावरचा. चिखलानं गेला म्हणून सांगू."

तिला चीड आली ती नायकरांची नाही. नायकरांनी सुचवलं तेव्हा क्षणभर तिचा जीव भांड्यात पडला होता, त्याची. किती सोपं होतं! ती उठली, थेट चौकीत गेली आणि कागद काढला. चारही कोपरे सांभाळून, प्लास्टिकसकट. मग बाजारात जाऊन यांगोनाच्या मुळ्यांची एक चांगली भक्कम जुडी घेतली.

मेसाकेच्या घरी चटया अजून अंथरलेल्याच होत्या. काळे कपडे घातलेल्या बायका मागच्या बाजूला दालोचे कंद सोलत होत्या, शैलेश्नीला बघून त्यांचे हात थांबले. ती दारातून वाकून आत आली आणि दारापाशीच, सगळ्यात खालच्या जागी, सुलू गुडघ्यांखाली सारखा करून बसली. समोर मोमोची बायको तोकासा, आणि तिच्या बाजूला मोमोचा थोरला भाऊ अपिसाई. घराच्या वतीनं क्षमा द्यायची ती त्यानं. जुडीला हात लावायचा, ओंजळ वाजवायची, की झालं. पुढे त्या गोष्टीचा उच्चार करायचा नाही, अशी रीत.

शैलेश्नीनं जुडी दोन्ही हातांनी पुढे सारली. "मामी, मी क्षमा मागायला आलेय. चूक मोमोची नव्हती. माझी होती."

आणि तिनं सांगितलं. कार्डं, नावं, सासूची गोष्ट. सासूचं नाव निघताच मागे कुणीतरी हुंदका दिला. ती सासू म्हणजे तोकासाची स्वतःचीच आई, पण तोकासाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. बुधवारी नावं कशी पक्की केली आणि त्यामुळे जुना उपाय कसा उलटा झाला, ते सांगितलं. कागद काढून चटईवर ठेवला.

"तुला म्हणायचंय की त्यानं वायरी बदलल्या नसत्या तर भोंगा वाजला असता?" अपिसाईनं विचारलं.

"हो."

"आणि बदलायला तू सांगितलं होतंस."

"हो. आणि आता बदलू नका, हे सांगायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही. मी लांबवलं. त्यांना वाईट वाटेल म्हणून."

तोकासानं कागद उचलून डोळ्यांपासून लांब धरला आणि ओठ हलवत वाचला. "सगळं पाठ होतं त्याला," ती म्हणाली. "झोपेतसुद्धा म्हणायचा. दोन मिनिटं थांबा. एकदाच. तो प्यायला नव्हता, शैला. मयतीत एक वाटी घेतली नाही. ढग बघून म्हणाला, मला चौकीत जायला हवं, आणि चालत निघाला."

"मला ठाऊक आहे, मामी. उद्या हॉलमध्ये मी सांगणार आहे. कागद वाचून दाखवणार आहे."

अपिसाईनं तोकासाकडे पाहिलं. तिनं मान हलवली. त्यानं हात पुढे केला, जुडीला बोटं टेकणार एवढ्यात तोकासाच पुन्हा बोलली, अगदी मायेनं. तो मायेचा सूर शैलेश्नीला कायमचा पुरणार होता.

"तू स्वतःला फार जाळून घेऊ नकोस, पोरी. तो तुझ्यावर रागावून नाही गेला. तीन वाजता त्याचा मला फोन आला होता. मी म्हटलं, पाऊस बघ कसा धरलाय, घरी ये. म्हणाला, पोरगी फोन उचलत नाही, म्हणजे गाडीत असेल, निघाली असेल. ती येईपर्यंत मी चौकी सोडू शकत नाही." तिनं डोळे पुसले. "तू निघाली होतीस ना? पाणी रस्त्यावर आलं म्हणून पोचली नसशील."

किती सोपं होतं! सगळं घर तिच्याकडे बघत होतं, आणि त्या बघण्यात राग नव्हता. नुसती मान हलवायची होती. रोट्यांचं पीठ, तवा, वाजणारा फोन, हे जगात दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं.

"नाही, मामी," शैलेश्नी म्हणाली. "मी घरीच होते. फोन पाहिला. त्यांचं नाव पाहिलं. दोन्ही वेळा पाहिलं आणि उचलला नाही."

"कामात होतीस?"

"रोट्या करत होते. उचलता आला असता."

अपिसाईनं पुढे केलेला हात मागे घेतला. तोकासा तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं कागदाची प्लास्टिकसकट सावकाश घडी घातली आणि आपल्या मांडीखाली ठेवली.

"दोन तास," ती म्हणाली. "दोन तास तुझी वाट बघत बसला तो."

"हो, मामी."

"उद्या कागद मी घेऊन येते. वाचायचा तू. बिसेसर मास्तरांच्या पोराकडे बघून वाचायचा, खाली मान घालून नाही. आणि फोनचंही सांगायचं. रोट्यांचंही."

"सांगेन."

"मग बघू," तोकासा म्हणाली. "आता जा तू."

शैलेश्नी बसल्या बसल्या मागे सरकत दारापर्यंत गेली. बाहेर बायका पुन्हा दालो सोलायला लागल्या होत्या, कुणी मान वर केली नाही. पायऱ्या उतरताना तिनं एकदा वळून आत पाहिलं. मुळ्यांची जुडी चटईवर ठेवली होती तिथेच पडून होती.